खांबापासून चाळीस मीटर

समुद्र स्वभावतः बेशिस्त असतो, त्याला वळण लावायला गणितच लागते. आमच्या किनारा-अंदाज कार्यालयात तसे एक मॉडेल आहे. मागच्या तीस वर्षांची मोजमापे त्यात घातली की पुढच्या शंभर वर्षांचा किनारा पडद्यावर येतो, तोही रंगीत. (धोक्याचा लाल रंग अजून वापरावा लागलेला नाही.)

मोजमापाची पद्धत सोपी आहे. किनाऱ्यावर एक लोखंडी खांब असतो. दरवर्षी त्याच्यापासून पाण्यापर्यंतचे अंतर मोजायचे. खांब सरकारी मालमत्ता असल्याने त्याला पाणी लागता कामा नये, म्हणून मोजण्याआधी तो पाण्यापासून चाळीस मीटर मागे रोवला जातो. तीस वर्षे अंतर भरले चाळीस मीटर, ना कमी ना जास्त. त्यावरून किनारा जागचा हललेला नाही, हे शास्त्रीयदृष्ट्या सिद्ध झाले. साहेबांना पदकही मिळाले.

आमच्या आत्याला मात्र विज्ञानाचे वावडे. खांब पूर्वी तिच्या घरासमोर होता, मग अंगणात आला, यंदा घरामागे गेला आणि लाटा पायरीला लागल्या. धोक्यातल्या लोकांना टेकडीवर घर मिळते, ते हवे म्हणून ती कार्यालयात येऊन बसली.

"अरे, झोपेत पाय भिजतात माझे. एवढं तरी सांग तुझ्या त्या यंत्राला."

"आत्या, मॉडेलमध्ये तुझे पाय नाहीत गं."

"मग घाल की मेल्या!"

साहेबांनी तिला पडद्यावर तिचे घर दाखवले. शंभर वर्षांनंतरही हिरवेगार. "बघा आजी, पतवंडांचीही काळजी मिटली."

"घर राहू दे तिथंच," आत्या म्हणाली, "मला तेवढं टेकडीवर न्या."

अर्ज नामंजूर झाला. पुढच्याच वादळात घर गेले. आत्या आता आमच्याकडे असते आणि माझ्याशी बोलत नाही. मला फार वाईट वाटते, पण त्यासाठी मॉडेलमध्ये जागा नाही. त्या भागातल्या तक्रारी मात्र शंभर टक्के घटल्या.

आपण हे वाचून हसत असाल, कारण आपले घर किनाऱ्यापासून चांगले लांब, गावात आहे. हसा, हरकत नाही. फक्त आमची माणसे खांब घेऊन येतील तेव्हा दारातली गाडी जरा बाजूला घ्या.