भोयरकाकांची ज्वारीची बियर

आमच्या शेजारचे भोयरकाका भजी खातानाही वहीत नोंद करतात. उद्देश, साहित्य, कृती, निरीक्षण. तळेगावच्या शाळेत त्यांनी तीस वर्षं प्रयोगशाळा सांभाळली. नोकरी संपली, सवय काही सुटली नाही. भाजी खारट झाली म्हणून काकू स्वतःवरच चिडल्या, तरी काका शांतपणे म्हणतात, "निरीक्षण कर. निष्कर्ष काढू नको."

अशा या माणसाने, ज्याने जन्मात लिंबूसोड्याच्या पुढे काही चाखलं नाही, दिवाळीच्या तोंडावर घरी बियर करायला घेतली. तीही आमच्या दारूबंदीच्या वर्धा जिल्ह्यात! समोरच्याच घरात हवालदार राहतो. माझी तर बोबडीच वळली.

"काका, या वयात काऊन जेलात जाता?"

"पोट्टा येऊन राह्यला," ते म्हणाले.

पोट्टा म्हणजे पुण्याचा सचिन, एकुलता एक मुलगा. दिवाळीला चार दिवस येतो आणि रोज संध्याकाळी मित्रांना गाडीत घालून नदीपलीकडे जातो. वर्धा नदी ओलांडली की दुसरा जिल्हा, आणि तिथे सगळं उघडं. तो परत येईपर्यंत काकांचं जेवण होऊन जांभया सुरू झालेल्या असतात.

"थे घरीच भेटली तं बसन ना तो घरी?" काकांनी विचारलं. मग मला विरोध करवेना.

मोबाइलवर व्हिडिओ पाहून कृती ठरली. जव मिळाले नाहीत म्हणून ज्वारी. ती ओल्या पोत्यात मोड आणून गच्चीवर वाळवली, भरडली, उकळली. कडूपणासाठी लागणारी विलायती फुलं तळेगावात कोण विकणार? काकांनी चिरायता टाकला. वर्ध्याहून बेकरीचं यीस्ट आणलं, सगळं पाण्याच्या कॅनमध्ये भरलं आणि समोर खुर्ची टाकून बुडबुडे बघत बसले. काकूंनी चमचाभर चाखून निकाल दिला, "हे तं नासलेली आंबील होय!"

बाटल्या भरताना फेस यावा म्हणून काकांनी प्रत्येकीत थोडी साखर टाकली. ते आंघोळीला गेले तशी काकूंनी बुचं उघडली आणि वरून गुळाचा एकेक खडा सोडला. पोरगं वर्षातून एकदा घरी येणार, त्याला कडू कसं द्यायचं!

तिसऱ्या दिवशी भरदुपारी धडाधड स्फोट झाले. गल्ली धावली. हवालदार बनियनवरच आला. "काय फुटलं जी?"

"प्रयोग," काका म्हणाले. मिशीवरून फेस ओघळत होता.

हवालदाराने एकदा हुंगलं, एकदा काकूंच्या रडवेल्या चेहऱ्याकडे पाहिलं. "आंबील लयच उतू गेली वाटते," म्हणाला आणि निघून गेला. भला माणूस!

बारा बाटल्यांतली एकच वाचली. सचिन आला त्या संध्याकाळी तो किल्ली घेऊन निघाला, तर काका ती बाटली घेऊन दारात उभे. धीर यावा म्हणून मलाही बोलावलं होतं.

"बस न बे थोडा," काका म्हणाले.

तीन स्टीलचे पेले भरले. सचिनने घोट घेतला, डोळे मिटले आणि कसाबसा गिळला. "बाबा, याच्यात काय टाकलं?"

"चिरायता. बेकार आहे न?"

"लय बेकार." तो हसला. मग पेल्यात बघत म्हणाला, "बाबा, मी दोन वर्षांपासून घेत नाई. हे तुम्ही देल्ली म्हणून घेतली. तिकडं बी मी सोडाच पेतो."

"मंग नदीपल्याड कायले जातो रे रोज?"

सचिनने किल्ली बोटाभोवती फिरवली. "घरी तुमच्यासंग काय बोलू, थेच समजत नाई."

मला वाटलं, काका आता उठून आत जातील. त्यांनी पेला खाली ठेवला. "मले बी नाई समजत," ते म्हणाले. "म्हणून तं हे बनवली."

सचिनने मित्राला फोन करून आज येत नाही म्हणून सांगितलं, खुर्ची बापाजवळ ओढली आणि म्हणाला, "ज्वारी भिजवली तेव्हापासून सांगा."