पोपटी किनारीचं हॉटेल

"हॉटेल निवडायला अक्कल लागत न्हाय फरहान, नजर लागते!" सोलापुरातल्या सात रस्त्यावरच्या ट्रॅव्हल ऑफिसात खुर्चीवर मांडी ठोकून बसत शिवपुत्रअण्णांनी जाहीर केलं. "तू फकस्त फोटो दाखव. असं हॉटेल निवडतो बघ, की त्या मॅडमनं बघतच राहायला पाहिजे!"

त्या मॅडम म्हणजे क्वालालंपूरच्या लिम मॅडम. तिकडच्या हॉटेलांना टॉवेल, चादरी, पडदे पुरवणाऱ्या बड्या व्यापारी. आणि शिवपुत्रअण्णा बिराजदार म्हणजे आपले अक्कलकोट रोड एमआयडीसीतले टॉवेलवाले. वडिलांच्या काळात त्यांच्या कारखान्यात शेजारच्याचं बोलणं ऐकू यायचं नाही, इतका मागांचा खडखडाट! आता निम्मे माग जुन्या चादरी पांघरून झोपलेले. भाऊबंद म्हणत होते, "शेड गोदामाला भाड्यानं दे आणि सुखानं घरी बस की." अण्णांना त्या सुखाचीच धास्ती होती. अशात लिम मॅडमचा मेल आला. येऊन भेटा, माल दाखवा, पटला तर वर्षाची ऑर्डर देते! अण्णांचा हा पहिलाच परदेशदौरा. त्याआधी धंद्यासाठी ते फार फार तर सुरतेपर्यंत गेले होते.

त्याच सकाळी शिलाईवरच्या नागम्मानं विचारलं होतं, "अण्णा, दिवाळीनंतर बी आमी कामाला यायचं नव्हं?"

"यायचं म्हंजे? ओव्हरटाइम करायचा!" अण्णा छाती काढून बोलून गेले होते. नागम्माचा चेहरा असा फुलला की आता शब्द मागं घ्यायची सोय उरली नव्हती.

तर फरहान फोटो दाखवत होता.

"हे बघा अण्णा, गच्चीवर स्विमिंग पूल!"

"मला पोहता येत न्हाय. पुढं."

"ह्याच्यात नाश्ता फुकट."

"बायको कडक भाकऱ्या आनि शेंगाचटणी देनार हाय. पुढं."

"हे तर मॅडमच्या ऑफिससमोरच! रस्ता ओलांडला की झालं."

"न्हाणीघर दाखव!"

प्रत्येक हॉटेलचं न्हाणीघर! अण्णा दोन बोटांनी फोटो ताणायचे, टॉवेल पडदाभर मोठा करायचे आणि निकाल द्यायचे. "लूप बसलेत, धाग्याचा एक फासा उभा न्हाय." "किनार वाकडी." "ह्यानं अंग पुसण्यापरीस उन्हात उभं राहिलेलं बरं." मागं मक्केच्या उमरा यात्रेची तिकिटं काढायला आलेले बडेसाब ताटकळत बसले होते. थोड्या वेळानं तेही उठून अण्णांच्या खांद्यावरून डोकावू लागले आणि "पिछला वाला अच्छा था" म्हणून सल्ला देऊ लागले.

आणि एकदम अण्णा उडालेच! "थांब! मागं घे! मोठं कर! अजून मोठं कर!"

फोटोत एक स्टीलची दांडी, तिच्यावर पांढरा टॉवेल आणि टॉवेलच्या किनारीला तीन पोपटी रेघा.

"हा माझा हाय!"

"कोण? हॉटेल?"

"टॉवेल रे येड्या, टॉवेल!"

त्याचं असं झालं होतं, की काही वर्षांपूर्वी अण्णांच्या रंगाईत घोटाळा झाला. किनारीला हवा होता गडद हिरवा, निघाला पोपटी. तोही असा पोपटी, की खऱ्या पोपटानं लाजून मान फिरवावी! अख्खा माल पडून राहिला. शेवटी मुंबईचा एक दलाल मातीमोल भावात घेऊन गेला, तो गेलाच.

"ही चूक अख्ख्या जगात मी एकट्यानं केलीय! दुसऱ्या कुनाचा असूच शकत न्हाय!" अण्णांचे डोळे भरून आले. "कुटं सोलापूर, कुटं क्वालालंपूर! हेच हॉटेल बुक कर."

"अण्णा, जरा सुनो तो. मॅडमचं ऑफिस इथून लई लांब आहे. लोकांनी शिव्या घातल्यात ह्या हॉटेलला. एक म्हणतो लिफ्ट अडकते, एक म्हणतो नळ गळतो..."

"लोकांना टॉवेल कळतो का?"

"नक्को अण्णा, दुसरं घ्या की!"

"फरहान, बुक कर!"

संध्याकाळपर्यंत तो फोटो अण्णांच्या स्टेटसवर झळकला आणि अभिनंदनाचे फोन सुरू झाले. घरात फक्त बायकोनं, दानेश्वरीनं, विचारलं, "अहो, फोटो कधीचा हाय ते बघितलंत का?"

"तू बी ना! टॉवेल काय आमरस हाय व्हय, नासायला?"

अण्णा आता थांबतात होय! त्यांनी फरहानकरवी लिम मॅडमना मेल ठोकला: ऑफिसात नको, तुम्हीच माझ्या हॉटेलात या. आमचा टॉवेल वर्षानुवर्षं धुऊन कसा राहतो ते डोळ्यांनी बघा. मग बॅगेतले नमुन्याचे सगळे टॉवेल त्यांनी बाहेर काढले. "नमुने कशाला? अख्खं हॉटेल माझा नमुना हाय!"

"दोन तरी राहू द्या की," दानेश्वरी म्हणाली.

"भाकऱ्या मोडतील!"

हॉटेल फोटोतल्यापेक्षा बरंच म्हातारं निघालं. पाटीवरची दोन अक्षरं गळून पडलेली. पण अण्णांना त्याचं काय! खोलीचं दार उघडलं आणि बूट न काढताच ते न्हाणीघरात धावले. दांडीवर एक पांढरं फडकं लटकत होतं. ना किनार, ना लूप. उजेडाला धरलं तर आरपार दिवा दिसत होता.

अण्णा तसेच काउंटरवर. त्यांना इंग्रजी कळायचं बरंच, बोलणं मात्र टॉवेलापुरतंच. "मॅडम! माय टॉवेल! ग्रीन लाइन! थ्री!"

काउंटरवरच्या बाईंनी तीन टॉवेल वर पाठवले. पांढरे! अण्णा पुन्हा खाली. मोबाइलवरचा फोटो नाचवून दाखवला, तेव्हा कुठं बाईंची ट्यूब पेटली. त्या हसून म्हणाल्या, हा फोटो जुन्या मालकाच्या वेळचा, ते टॉवेल खोल्यांतून कधीच काढले.

अण्णा खोलीत परतले. लिम मॅडम उद्या सकाळी येणार, आणि दाखवायला हातात काय? शेंगाचटणी! त्यांनी घरी फोन लावला. "दानू, ते नमुने गं..."

"कपाटावर ठेवलेत. धूळ बसू नये म्हणून नीट झाकलेत. काळजी करू नका."

सकाळी उठल्याबरोबर अण्णा शोधाला लागले. एक मजला झाला, दुसरा झाला, आणि तिसऱ्यावर, लिफ्टजवळच्या बोळात, दिसल्या की तीन पोपटी रेघा! सफाईच्या एक मावशी ओणव्या होऊन त्याच टॉवेलानं फरशी पुसत होत्या.

"सापडला!" म्हणत अण्णांनी झडपच घातली. मावशी किंचाळल्या. त्या ओढतायत, अण्णा ओढतायत! ओढाओढीत बादली लवंडली, पण टॉवेल फाटेना. शेवटी अण्णांनीच सोडला आणि धापा टाकत इकडंतिकडं बघितलं. एक पोपटी टॉवेल गळक्या नळाला गुंडाळलेला. एक खिडकीच्या फटीत कोंबलेला. एक लिफ्टसमोर पायपुसणं म्हणून पसरलेला.

मोठ्या घरी लेक दिली म्हणून गावभर पेढे वाटावेत आणि जाऊन बघावं तर ती दुसऱ्यांची भांडी घासतेय, तसं झालं त्यांना. ते तिथंच भिंतीला टेकून उभे राहिले.

तेवढ्यात लिफ्ट उघडली. मावशींच्या किंकाळीवरून अंदाज बांधून काउंटरवरच्या बाईंनी थेट वर पाठवलेल्या लिम मॅडम बाहेर आल्या. ठेंगण्या, चष्मेवाल्या, एकदम टापटीप. बाहेर पाऊस होता, म्हणून त्यांनी आधी नीट बूट पुसले. पायपुसण्यावर!

"मिस्टर बिराजदार? कुठे आहे तुमचा टॉवेल?"

धुवायला टाकलेत, असं सांगायचं अण्णांच्या अगदी जिभेवर आलं होतं. पण वर्षाची ऑर्डर मागायची आणि सुरुवात थापेनं करायची? त्यांनी हात जोडले. "मॅडम, तुमी त्याच्यावरच उभ्या हायत."

हे मराठीतच निघालं. पण हातानं दाखवल्यावर मॅडमना कळलं. त्या टुणकन मागं सरल्या, वाकल्या, पायपुसणं उचललं. लूप ओढून बघितला, किनार नखानं खरवडली. मग मावशींना त्यांच्या भाषेत काहीतरी विचारलं. मावशी हातवारे करकरून बोलायला लागल्या, मधेच अण्णांकडं बोट दाखवायला लागल्या. आता पोलीस येणार, असंच अण्णांनी धरलं.

"ती म्हणते, तुम्ही वेडे आहात," मॅडम सावकाश इंग्रजीत म्हणाल्या. "आणि म्हणते, ह्याच्यानंतर आलेल्या टॉवेलांच्या चिंध्या झाल्या, पण हे काही केल्या संपत नाहीत. कितीही पाणी पितात."

अण्णांची छाती पुन्हा वर आली. "मग मॅडम, टॉवेलची ऑर्डर?"

"टॉवेल मऊ लागतो. आणि हा रंग..." मॅडमनी डोळे किलकिले केले. "पाहुणा घाबरेल! पण फरशी पुसायला आणि पायाखाली टाकायला इतकं चिवट कापड मला आजवर मिळालं नाही. वर्षभर पुरवाल?"

'आम्ही टॉवेलवाले आहोत, मॅडम!' हे वाक्य अण्णांच्या तोंडात तयार होतं. बापजाद्यांपासून सोलापुरात तेच ऐकवत आलेलं घराणं! पण चादरी पांघरलेले माग डोळ्यांपुढं आले, नागम्माचा चेहरा आला, आणि अण्णांनी ते वाक्य गिळलं.

"पुरवतो!"

खोलीत येऊन त्यांनी घरी फोन लावला.

"दानू, ऑर्डर मिळाली. वर्षाची."

"अय्यो, देवा! टॉवेलची ना?"

"...घरगुती कापडाची."

"म्हंजे कशाची?"

"पायपुसण्यांची."

मग दानेश्वरीनं विचारलं, "सगळे माग चालतील का पन?"

"सगळे."

"मग झालं की! आनि आवाज असा का येतोय तुमचा? रडताय व्हय?"

"रडतंय कोन! तोंड पुसतोय."

"कवापासनं पुसताय?"

"काय करू? टॉवेल हितला हाय. लई भिकार गं! पानीच पीत न्हाय!"