शंभरात सत्त्याण्णव

कोणती लाइन किती भरवशाची, हे माझ्याइतकं चोख अख्ख्या ग्वाल्हेरात कुणी सांगणार नाही. तीस वर्षं दूरसंचारात हेच केलं. त्यामुळे माझ्या लेकीचा, सीमंतिनीचा, बंगळूरहून येणारा व्हिडिओ कॉल रोज दहाव्या मिनिटाला तुटायला लागला, तेव्हा मी वही उघडली.

घरात दोन लाइनी आहेत, ब्रॉडबँड आणि मोबाइल. दोघींचा नेम नाही. कधी पूर्ण वेग, कधी अर्धा, कधी शून्य. दोन्ही जोडल्या, तर लेकीचा चेहरा नीट दिसण्याइतका वेग शंभरातून किती वेळा मिळतो, एवढंच मोजायचं होतं. पंधरा दिवस दर तासाला मोजलं. सीमंतिनीची आई गेल्यापासून मला दुसरं कामही नव्हतं.

शेवटची चाचणी रविवारी दुपारी घेतली. सीमंतिनीला म्हटलं, "तू बोलू नकोस, नुसता कॉल चालू ठेव. मला मोजायचंय."

"बरं बाबा, मी माझं काम करते."

तिच्या कीबोर्डची टकटक ऐकू येऊ लागली. घरात कुणीतरी आहे, असं वाटलं. त्या सुखात मला डुलकी लागली. आणि नेमकं तेव्हाच तिच्या पडद्यावर माझं चित्र अडकलं: मान कलती, तोंड उघडं, हात छातीवर.

जाग आली तेव्हा शेजारचा विक्रमसिंह कणीक तिंबावी तशी माझी छाती तिंबत होता. मागचं जाळीचं दार त्याने उखडून अंगणात टाकलं होतं.

"अंकल, साँस लो!"

"तू उठलास तर घेईन ना."

त्याने आपला फोन माझ्या हातात दिला. पलीकडे सीमंतिनी रडत होती.

"बाबा, तुम्ही हलतच नव्हतात."

"अगं, चित्र अडकलं होतं."

"पण एवढं मोजत काय होतात?"

मला जोर आला. "तुझे कॉल का तुटतात, ते. शंभरात सत्त्याण्णव वेळा आपली लाइन पुरते. तरी कॉल मात्र रोज दहाव्या मिनिटाला..."

माझंच वाक्य माझ्या कानांवर पडलं आणि मी थांबलो.

"बाबा," ती हळूच म्हणाली, "ऑफिसात फार गडबड असते हो."

"छे, माझंच गणित चुकलं असणार. इकडचं नेटवर्क फार वाईट आहे."

"नहीं अंकल," विक्रमसिंह मध्येच बोलला, "यहाँ नेटवर्क तो एकदम बढ़िया है."

त्याला मी पाणी आणायला पाठवलं.