सत्ताविसावा सूर्य

सत्ताविसाव्या दिवशी सकाळपासून आभाळ भरलेलं होतं आणि पट्टीकाका चहासुद्धा न घेता गॅलरीत बसून होते.

नकाशे काढण्याच्या नोकरीतून निवृत्त झालेले काका सव्वीस दिवस रोज सूर्यावरच्या डागांचा फोटो घेत होते. दुर्बिणीतून सूर्य पांढऱ्या कागदावर पाडायचा आणि त्या कागदाचा फोटो काढायचा. दुर्बिणीला डोळा लावायचा नाही, हे त्यांनी दूधवाल्यालासुद्धा बजावून ठेवलं होतं. सूर्य स्वतःभोवती फिरतो, त्याबरोबर डाग सरकतात. सत्तावीस दिवसांत एक फेरी. एकही दिवस न चुकता सत्तावीस फोटो झाले, तर ‘आकाशमंडळ’ या हौशी संस्थेच्या प्रदर्शनात त्यांना अख्खी भिंत मिळणार होती.

संध्याकाळी साडेपाचला ऊन पडलं, पण इमारतीच्या मागच्या बाजूला.

"ते फक्त समोरच्या दारातल्या बाईंच्या मागच्या खिडकीतून दिसेल," काकू म्हणाल्या.

समोरच्या शिंपीणबाईंशी काकांचा सात वर्षं अबोला होता. बाईंनी शिवलेली पँट अर्धा इंच आखूड निघाली, तेव्हा काकांनी तिचा मापासकट नकाशा काढून, चूक लाल शाईनं दाखवून, त्यांच्या दाराखालून सरकवला होता.

"मी विचारते. तुम्ही तोंड उघडू नका."

बाईंनी शिवणयंत्र बाजूला ओढलं. अर्धवट फ्रॉकांच्या ढिगात दुर्बीण उभी राहिली. सूर्य समोरच्या पाण्याच्या टाकीला टेकायला आला होता. काका कॅमेरा सावरत होते, तेवढ्यात बाई दुर्बिणीवर वाकल्या.

"डोळा काढा तिथून," काका ओरडले. सात वर्षांनंतरचं पहिलं वाक्य.

"माझ्याच घरात मी कुठं बघायचं, ते तुम्ही सांगणार?"

"आंधळ्या व्हाल, वहिनी. कागदावर बघा."

बाईंनी कागदावर बघितलं. "हा असाच असतो? कड फिसकटलेली दिसतेय."

"सूर्य आहे तो. कापड नव्हे."

"कडेचं मला नका सांगू." दिवसभर सुईत दोरा ओवणारा तो हात पुढे झाला आणि त्यानं दुर्बिणीचं फोकसचं चाक किंचित फिरवलं.

"अहो, हात कशाला लावलात? सव्वीस दिवस मी त्याला..."

"टाकीमागे चाललाय बघा तुमचा सूर्य," काकू म्हणाल्या.

काकांनी चरफडत फोटो घेतला.

त्या काळी रोल धुऊन येईपर्यंत काय निघालंय ते कळत नसे. त्या तीन दिवसांत काका बाईंना मनातल्या मनात जे बोलले, ते काकूंना शब्दन्‌शब्द ऐकू आलं.

मंडळाचे चिटणीस असलेले दातांचे डॉक्टर घरी आले आणि त्यांनी सगळे फोटो टेबलावर मांडले. सव्वीस सूर्यांवर चहा सांडल्यासारखे फिसकटलेले डाग होते. सत्ताविसाव्यावर मात्र तिळाएवढे काळेभोर ठिपके, आणि प्रत्येक ठिपक्याभोवती फिकी झालरसुद्धा.

काकू काकांच्या चष्म्याच्या वाढलेल्या नंबराबद्दल काही बोलल्या नाहीत. ते दोन वर्षं बोलून झालं होतं.

"भिंत काही जमत नाही," डॉक्टर म्हणाले. "पण हा एक लावतो. हा एकदम कसा जमला तुम्हाला?"

काकांनी फोटोतल्या सूर्याच्या कडेवरून बोट फिरवलं. "समोरच्या बाईंनी जमवला," ते म्हणाले. "मी फक्त बटण दाबलं."

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला गॅलरीत लख्ख ऊन होतं. काकांनी दुर्बीण लावली, कागद ताणून बसवला, कॅमेऱ्यात नवा रोल भरला आणि हाताची घडी घालून बसले.

"अहो, करा की सुरू," काकू म्हणाल्या. "परत ढग येतील."

"थांब जरा," काका म्हणाले. "त्या आंघोळ करून येतायत."