सुनेचं वजन

गिरिजाबाईंच्या गुडघ्याला सूज आली आणि त्यांना आठ वर्षांपूर्वीचा नवस आठवला.

"चांगुणे, घोळ झाला गं," चुलीपुढं फतकल मारत त्या सुनेला म्हणाल्या. "तुझं पोट फाडलं तव्हा मी देवीला बोलल्ते. सून जिती घरी आली तर तिच्या वजनाइतका गूळ वाटीन. पार इसरूनच गेल्ते. आता तिनं गुडघाच धरला बघ."

"मंग फेडू की, आत्याबाई," चांगुणाबाई म्हणाली. तिच्या पुढ्यात पितळेची लहान वाटी होती. वाटीत मुगाची उसळ, वर अर्धं उकडलेलं अंडं, शेजारी चतकोर भाकरी. एकेक घास ती चवीनं, निवांत चावत होती.

अडुसष्ट साली पोटातल्या जखमेपायी औरंगाबादच्या डॉक्टरांनी तिचं अर्ध्याहून जास्त पोट काढून टाकलं होतं. शहाण्णव किलोची गेलेली बाई वर्षभरात पंचावन्नवर आली आणि तिथंच थांबली. थांबली म्हणजे, तिनं थांबवली. दिवसातून सहा वेळा वाटीभर, जेवताना पाणी नाही, गोड तर नाहीच. गुळाचा खडा पोटात गेला की पाव तासात दरदरून घाम आणि छातीत धडधड. त्यानंतर तिच्या चोळीचं माप बदललं नव्हतं. वाटूर गावातल्या बायांच्या लेखी मात्र तिचं दुखणं अजून सरलं नव्हतं. "पार चिपाड झाली गं!" म्हणत त्या काहीबाही आणून देत. चांगुणाबाई ते झाकून ठेवी आणि यजमान साहेबराव शेतावरून आले की त्यांच्या ताटात वाढी. साहेबराव अन्नाला नाही म्हणणारे गृहस्थ नव्हते.

नवसाचं बोलायला गिरिजाबाईंनी देवीचे पुजारी तातेराव यांना बोलावलं. तातेरावांनी पहिलाच प्रश्न विचारला, "नवस बोलला तव्हा वहिनींचं वजन किती होतं?"

"शहाण्णव," ओट्यावर टेकलेले याकूबभाई म्हणाले. मोंढ्याच्या बाजारात त्यांचं धान्याचं दुकान होतं. "दवाखान्याला जायच्या आधी भाभींला माझ्याच काट्यावर तोलल्तं. बराबर याद हाय."

"मंग देवीला शहाण्णवच पायजे."

"आणू की शहाण्णव किलो," साहेबराव चिवडा तोंडात टाकत म्हणाले. "त्याच्यात काय एवढं?"

"आसं कसं?" तातेराव म्हणाले. "सून पारड्यात बसली पायजे आन् काटा बराबर झाला पायजे. का एक्केचाळीस किलोचा धोंडा देता तिच्या मांडीवर?"

मग गिरिजाबाईंनीच तोडगा काढला. देवीच्या यात्रेला महिना होता. महिन्याभरात सून जमेल तेवढी भरायची.

दुसऱ्या दिवसापासून डबे सुरू झाले. एकीकडून डिंकाचे लाडू, दुसरीकडून तुपातला शिरा, तिसरीकडून खव्याच्या पोळ्या.

"खा गं माय, देवीसाठी खा," गिरिजाबाई काकुळतीला आल्या.

"माझ्या पोटाला डॉक्टरनं टाके घातलेत, आत्याबाई. ते मी नवसापायी उसवणार न्हाई."

"देवीला भेत न्हाईस?"

"देवीनंच वाचवलं ना? मंग तिनं वाचवलेलं बिघडवून तिलाच कसं दाखवू?"

गिरिजाबाईंनी दोन दिवस अबोला धरला. चांगुणाबाईनं आपली वाटी सोडली नाही. डबे येत राहिले, आणि रिकामे होऊन परतही जात राहिले. रिकामे डबे बघून गिरिजाबाईंचा अबोला सुटला.

यात्रेच्या दिवशी देवळापुढच्या लिंबाला याकूबभाईंचा मोठा काटा टांगला. परतूरपासून माणसं आली होती; शहाण्णव किलो गूळ म्हणजे घरटी मोठा खडा मिळणार होता. चांगुणाबाई पदर खोचून पारड्यात बसली. दुसऱ्या पारड्यात याकूबभाईंनी दहा-दहा किलोच्या पाच ढेपा ठेवल्या, सहावी फोडून अर्धी ठेवली आणि काटा बराबर झाला.

"पंचावन्न," याकूबभाई हळूच म्हणाले.

"एवढ्यात काय व्हतंय?" तातेराव ओरडले. "देवीची फसवणूक हाय ही!"

गर्दीत कुजबुज वाढली. गिरिजाबाईंनी डोळ्याला पदर लावला. "महिनाभर डबे येऊन राह्यले, मंग खाऊन कोण राह्यलं गं?"

चांगुणाबाई पारड्यातून उतरली, पण मान खाली घालून नाही.

"आत्याबाई, तुमचा नवस कशाचा? सुनेच्या वजनाचा ना?"

"व्हय."

"मंग ते कुठं गेलं न्हाई. घरातच हाय. आठ वर्सं तुम्ही सगळ्यांनी जे माझ्यापुढं आणून ठिवलं, ते मी एका जागी जमा करून ठिवलंय. याकूबभाई, मालकांला बसवा."

साहेबराव दचकले. लग्नात ते काडीसारखे होते, हे सगळ्या गावाला एकदम आठवलं. आता सदऱ्याच्या मधल्या दोन गुंड्या लागत नव्हत्या.

"मला कशाला? नवस तुझा हाय!" असं म्हणेपर्यंत चौघांनी त्यांना उचलून पारड्यात ठेवलं. लिंबाची फांदी करकरली. याकूबभाईंनी नऊ ढेपा चढवल्या. काटा हलेना. पुढची फोडून अर्धी घातली, मग एकेक तुकडा. लोक श्वास रोखून मोजायला लागले.

"अठ्ठ्याण्णव!" याकूबभाईंनी कपाळावरचा घाम पुसला. "भाभी, दोन किलो जादा भरलं."

"ते ह्या महिन्यातल्या लाडवांचं," चांगुणाबाई म्हणाली.

आधी बाया हसल्या, मग सगळी यात्रा. तातेरावांनी काट्याकडं पाहिलं, देवीकडं पाहिलं आणि अठ्ठ्याण्णव किलो गुळाकडं जरा जास्त वेळ पाहिलं. "देवीनं मानून घेतलं," त्यांनी जाहीर केलं.

घरी आल्यावर साहेबराव हातपाय धुऊन पाटावर बसले. पुढ्यात ताट नव्हतं. पितळेची लहान वाटी होती. उसळ, वर अर्धं अंडं, शेजारी चतकोर भाकरी.

"हे काय?"

"जेवण."

"आन् बाकीचं?"

"तीन तासांनी. निवांत चावा, मंग कळतं चव किती असती ते."

साहेबरावांनी आशेनं आईकडं पाहिलं. पण गिरिजाबाईंच्या डोळ्यांपुढून ती करकरणारी फांदी जात नव्हती. त्यांनी देवळाच्या दिशेनं हात जोडले.

"आई, माझ्या लेकाचं पोट उतरू दे. तुला मी..."

"आत्याबाई!" चांगुणाबाईनं त्यांचा हात धरला. "आता वजनाचं बोलू नका. एका नारळावर भागवा."