नवव्या हिरवळीवरची भोकं

एका जंगलात एक क्लब होता. जंगलात क्लब कशाला, असं विचारू नका, मुलांनो. चार मोठी जनावरं एकत्र बसतात आणि पाचव्याला आत घ्यायचं नाही असं ठरवतात, तेव्हा क्लब आपोआप तयार होतो. त्याला फक्त एक फाटक लावावं लागतं.

या क्लबात एक खेळ चाले. पांढरा चेंडू जमिनीवर ठेवायचा, काठीनं लांब टोलवायचा, मग त्याच्यामागे चालत जायचं आणि पुन्हा टोलवायचा. असं करत करत तो एका छोट्या खळगीत घालायचा. खळगीत गेला की बाहेर काढायचा आणि पुढच्या खळगीकडे निघायचं. याला गोल्फ म्हणतात. तुम्हाला हा खेळ समजला नाही तरी काही बिघडत नाही. सभासदांपैकी पुष्कळांना तो समजलेला नव्हता आणि त्यांचं छान चाललं होतं.

खळगीभोवती बारीक कापलेलं मऊ गवत असे. त्याला हिरवळ म्हणत. अशा नऊ खळग्या होत्या आणि नऊ हिरवळी. त्या सांभाळायचं काम भिवाजी नावाचं एक साळिंदर करत असे. अकरा वर्षं त्याला हेच काम होतं. नववी हिरवळ त्याची फार लाडकी होती. ती क्लबाच्या व्हरांड्यासमोर, तळ्याच्या काठाला होती आणि तिचं गवत त्यानं काडी काडी करून स्वतः लावलेलं होतं. रोज सकाळी तो तिच्यासमोर पोटावर पडून राही आणि एक डोळा मिटून तिच्याकडे बघत बसे.

"माझ्या भाकरीकडे कधी एवढं निरखून पाहिलं नाहीत," त्याची बायको सगुणा म्हणायची. भिवाजी मान डोलवायचा, कारण ते खरं होतं.

क्लबाची पाणीव्यवस्था म्हणजे गजाभाऊ नावाचा एक म्हातारा हत्ती. त्यानं तळ्यात सोंड बुडवायची, हिरवळीच्या कडेला उभं राहायचं आणि फवारा सोडायचा. भिवाजीचा नियम असा, की पाणी आठवड्यातून दोनदाच, तेही पहाटे, पण पोटभर. मधले दिवस कोरडे.

"पाणी वरच्यावर मिळालं की मूळ आळशी होतं," तो गजाभाऊला सांगायचा. "त्याला जरा खाली जाऊन शोधू दे."

आणि वर्षातून एकदा, मोठ्या सामन्याच्या दीड महिना आधी, भिवाजी एक विचित्र काम करायचा. अंगावरचे सगळे काटे ताठ उभारायचा आणि हिरवळीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत गडगडत लोळायचा. हजारो भोकं पडायची. मग त्या भोकांत बारीक वाळू भरायची, शेपटीनं वरून झाडायचं आणि एकवीस दिवस तिथे कोणाला पाऊल टाकू द्यायचं नाही. त्या दिवसांत हिरवळीचं तोंड देवीचे वण आल्यासारखं दिसे.

हा खटाटोप कशासाठी? तर पायांखाली माती घट्ट होते. घट्ट मातीत हवा शिरत नाही, पाणी मुरत नाही आणि मुळं गुदमरतात. सभासदांमध्ये होते गवे, गेंडे, अस्वलं आणि दोन रानडुकरं. ससे सभासद असते तर भोकांची गरजच पडली नसती. पण सशांनी अर्ज मागितला की तो नेमका संपलेला असायचा.

त्या वर्षी पलीकडच्या जंगलातला क्लब सामना खेळायला येणार होता. झालं, इकडे सगळ्यांच्या अंगात आलं. व्हरांडा सारवला गेला, फाटकाला रंग लागला आणि कमिटीनं भिवाजीला बोलावून घेतलं.

"भिवाजी, यंदा भोकं नकोत," चिटणीस मुंगूसराव म्हणाले. "तक्रारवहीत दरवर्षी त्याबद्दल येतं. पाहुण्यांसमोर शोभा नको."

"साहेब, सामना यायच्या आत सगळी बुजतात. दीड महिना आहे."

"पण तोवर दिसतात ना."

"नाही पाडली तर मातीचा दगड होईल, साहेब."

अध्यक्ष गवासाहेब आतापर्यंत डोळे मिटून ऐकत होते. ते मनानं चांगले होते. फक्त त्यांच्या मनापर्यंत पोचायला वेळ लागायचा, कारण मध्ये गवा पुष्कळ होता. त्यांनी डोळे उघडले.

"मातीचा दगड कशानं होईल?"

"पायांनी, साहेब."

"कोणाच्या?"

आता मुलांनो, इथे एखाद्या चतुर प्राण्यानं म्हटलं असतं, 'हवामानाच्या'. पण भिवाजीला अकरा वर्षांत फक्त गवत कळलं होतं. त्यानं टेबलाखाली पाहिलं. तिथे गवासाहेबांचे चार खूर ताटांएवढे पसरले होते. त्यानं नुसतं पाहिलं, पण जरा जास्तच वेळ पाहिलं.

भोकं बंद झाली. शिवाय हिरवळीसाठी बाहेरच्या जंगलातून तज्ज्ञ बोलवायचं ठरलं.

तज्ज्ञ आले. ते दर्दुरे नावाचे बेडूक होते. त्यांच्याकडे बरीच पानं होती आणि सगळ्या पानांवर काहीतरी लिहिलेलं होतं. त्यांनी नवव्या हिरवळीवर हात ठेवला, डोळे मिटले आणि थोड्या वेळानं म्हणाले, "कोरडी आहे."

कमिटीनं माना डोलावल्या. अकरा वर्षांत हे कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून रोज दोन वेळा पाणी सुरू झालं.

"अरे भिवाजी, सोंड आहे ही माझी, नळ नव्हे," गजाभाऊ कुरकुरला. पण हुकूम तो हुकूम.

पुढचे पंधरा दिवस हिरवळ अशी काही तरारली की बघत राहावं. सभासद व्हरांड्यात चहा घेत तिचं कौतुक करायचे. गवासाहेब तर दिवसातून चारदा तिच्यावर फेऱ्या मारून यायचे आणि खाली मऊ मऊ लागतं म्हणून खूश व्हायचे. भिवाजीला कोणी काही म्हणत नव्हतं. तेच त्याला लागत होतं.

सोळाव्या दिवशी त्यानं एक काटा हळूच मातीत खुपसला. तो दोन बोटं गेला आणि अडला. मग त्यानं कडेचं एक ठोंब उपटून पाहिलं. वीतभर असणारी मुळं बोटभर राहिली होती आणि टोकाला काळी पडली होती. त्यांना वासही येत होता. भिवाजी तिथेच बसला. त्याला रडू आलं आणि ते त्यानं आवरलं नाही. नववी हिरवळ मरत होती आणि वरून ती इतकी छान दिसत होती की कोणाला सांगूनही पटलं नसतं. एकदा मेली की नवी रुजायला दोन वर्षं लागणार होती.

एकोणिसाव्या दिवशी मधोमध एक पिवळा डाग उमटला. त्याच दुपारी दर्दुरे स्वतः भिवाजीच्या बिळाशी आले. त्यांचा गळा नेहमीपेक्षा जास्त वरखाली होत होता.

"भिवाजी, तो डाग कसला हो?"

"मुळं कुजली, साहेब. पाणी जास्त झालं."

दर्दुऱ्यांनी आजूबाजूला कोणी नाही ना, ते पाहिलं. मग हळूच म्हणाले, "खरं सांगू का? मी बेडूक आहे. मला कुठेही नेऊन विचारलं, की कोरडं आहे का, तर मला सगळीकडे कोरडंच वाटतं."

भिवाजीला त्यांचा राग यायला हवा होता. पण इतकं खरं बोलणारं त्या क्लबात त्याला पहिल्यांदाच कोणी भेटलं होतं. त्यानं त्यांना बसायला ओलं फडकं दिलं.

"अजून सव्वीस दिवस आहेत," तो म्हणाला. "पाणी तोडायचं आणि चार-पाच दिवसांत भोकं पाडायची. मग एकवीस दिवस मिळतात. वाचेल. पण भोकं बंद आहेत. मी पुन्हा मागायला गेलो तर मला फाटकाबाहेर काढतील."

"मी मागितली तर?"

"तुम्ही मागितली तर देतील."

"मग ते माझं होईल," दर्दुरे म्हणाले. ते प्रामाणिक बेडूक होते, हे आपण मान्य करायला हवं.

भिवाजीनं पाठीवरून पंजा फिरवला. अकरा वर्षं लोळून लोळून त्याच्या पाठीचे अर्धे काटे बोथट झाले होते. आत चुलीपाशी सगुणा सगळं ऐकत होती. ती बाहेर आली.

"अहो, तुम्हाला हिरवळ हवी आहे की शाबासकी? आधी ते ठरवा. दोन्ही मिळायला तुम्ही काय गवा आहात?"

भिवाजीला खरं म्हणजे दोन्ही हवं होतं. कोणाला नको असतं? पण त्याला ते पिवळं पडलेलं गवत आठवलं.

"तुमच्याच नावानं जाऊ द्या, साहेब," तो म्हणाला. "फक्त भोकं म्हणू नका. दुसरं काहीतरी म्हणा."

दर्दुऱ्यांनी कमिटीसमोर एक लांबलचक पान वाचलं. त्यात भोक हा शब्द कुठेच नव्हता. 'मृदाश्वसन' हा शब्द चौदा वेळा होता. पाणी आठवड्यातून दोनदा द्यायचं, याला 'नियंत्रित तृषा' म्हटलं होतं. भिवाजी दाराशी उभा होता.

"हे आपल्या क्लबात याआधी कोणी केलंय का?" गवासाहेबांनी विचारलं.

दर्दुऱ्यांनी एकदा दाराकडे पाहिलं. भिवाजीनं नकारार्थी मान हलवली.

"नाही," दर्दुरे म्हणाले.

"छान. म्हणजे आपण पहिले." ठराव एकमतानं पास झाला.

चोविसाव्या दिवशी भिवाजी नवव्या हिरवळीवर लोळला. दर्दुरे कडेला उभे राहून "जरा डावीकडे" असं म्हणत होते, कारण काहीतरी म्हणणं भाग होतं. सभासद व्हरांड्यात दाटीवाटीनं उभे राहून बघत होते. "काय शास्त्र आहे बघा," अस्वलीणबाई म्हणाल्या. त्या एकवीस दिवसांत तक्रारवहीत एक ओळ आली नाही. उलट भोकं बघायला लोक नातेवाइकांना घेऊन येत होते.

आणि हिरवळ वाचली. डाग भरून आला, मुळं खाली गेली. सामन्याच्या दिवशी पाहुण्यांनी तिच्यावरून हात फिरवला आणि हे कसं जमवलं, असं विचारलं. गवासाहेबांनी त्यांना मृदाश्वसन समजावून सांगितलं. त्यातलं निम्मं बरोबरही होतं. भिवाजी करवंदीच्या जाळीमागून ऐकत होता. त्याला खूप आनंद झाला, आणि थोडं वाईट वाटलं. पण आनंद जास्त होता.

गोष्ट इथे संपली असती तर किती बरं झालं असतं. पण ज्या गोष्टीला भारदस्त नाव मिळतं, ती एकदाच करून मोठ्या जनावरांचं समाधान होत नाही. पलीकडच्या क्लबानं मृदाश्वसन सुरू केल्याची बातमी आली. लगेच इकडे मृदाश्वसन समिती बसली. दर महिन्याला करायचं ठरलं. मग पंधरा दिवसांनी. गवासाहेबांच्या वाढदिवसाला खास एक झालं. रानडुकरांनी तर आपण होऊन सुळे लावायला सुरुवात केली, तेही समाजसेवा म्हणून. नववी हिरवळ चाळणीसारखी दिसू लागली.

भिवाजीनं धीर केला आणि तो थेट गवासाहेबांकडे गेला.

"साहेब, आता थांबवा. वर्षातून एकदा पुरे. भोकावर भोक पडलं की मूळच तुटतं. जिवात जीव आला होता तिच्या, आता पुन्हा जाईल."

गवासाहेबांनी त्याच्याकडे मायेनं पाहिलं. खरोखरच मायेनं. त्यांनी त्याला बसायलाही सांगितलं.

"भिवाजी, तुम्ही मन लावून काम करता, त्यात वाद नाही," ते म्हणाले. "पण भोकांमधलं तुम्हाला काय कळतं?"

भिवाजी उठला. घरी गेला नाही. सरळ तळ्यावर गेला. दर्दुरे एका दगडावर ऊन खात बसले होते. आता ते क्लबाचे आजीव सभासद होते.

"साहेब," भिवाजी म्हणाला, "एक नवीन शास्त्र काढायचं आहे."

"कसलं?"

"भोकं न पाडण्याचं."

दर्दुऱ्यांनी त्याच्याकडे पाहिलं. मग नवव्या हिरवळीकडे पाहिलं. मग त्यांनी एक कोरं पान काढून मांडीवर घेतलं.

"नाव काय देऊ या?" त्यांनी विचारलं.

तात्पर्य: मुलांनो, आपलं काम मन लावून शिकावं. हवी तर अकरा वर्षं शिकावं. मात्र ते आपल्याला येतं, हे वरच्यांना कळू देऊ नये. कळलं की ते काम बंद होतं. त्यासाठी ओळखीचा एखादा बेडूक असावा, आणि शक्यतो तो प्रामाणिक बघावा.