मिरजगावच्या बाजारी मिरचीचे ठाणे राखिले त्याची हकीकत

सकळ जनांनी सावध होऊन ऐकावे. मिरजगावचा बाजार हमरस्त्यास लागून वसलेला, कर्जत मुलखाची ज्वारी, तूर, कांदा, शेरडेकरडे तेथे उतरावी आणि पंचक्रोशीने पिशव्या घेऊन चाल करून यावे, ऐसा त्याचा लौकिक. त्या बाजाराचे उगवतीचे टोकास, लिंबाचे सावलीस लाल मिरचीचे ठाणे, आणि ठाणेदार राजमान्य भागूबाई. सासूने मरतेसमयी डागदागिना दिला नाही, ही जागा दिली. वैशाखात आलम बायका वर्षाचे तिखट करितात. तो महिना साधला तरच बाईंची चूल पुढे वर्षभर पेटे.

बाजाराचा शिरस्ता ऐसा की, पहाटे गोणपाट अंथरून वर धोंडा ठेविला की जागा धरली. परक्याने हात लावू नये. ऐसे असता एके बाजारी बाई गोणी घेऊन दाखल होतात, तो गोणपाट कडेस गुंडाळलेले, धोंडा टेम्पो सरकू नये म्हणून चाकाखाली उटीस लाविलेला, आणि वर सूर्यभान नामे नवखा सरदार मोबाईलची कव्हरे मांडून, कर्णा लावून बसलेला. बाईंनी चेहरा बुरुजासारखा ठेविला. मग वांगीवाले बजरंगराव वकिलीस गेले. सूर्यभानाने कर्ण्यावरून फर्मान सोडिले की, मावशीने मावळतीस बसावे, तिकडे रान मोकळे आहे.

तेव्हा बाई स्वतः पुढे होऊन बोलिल्या, "सूर्यभाना, मिर्ची वाऱ्याच्या खालच्या अंगालाच बसती. म्हाताऱ्यांनी उगं न्हाई ठरवलं."

"मावशे, वारं काय तुझ्या घरचं हाय व्हय?"

"न्हाई बाबा. बसते मावळतीला."

आणि बाई मावळतीस गेल्या, आणि पहिले गिऱ्हाईक आले, आणि त्याने मिरची झटकून दाखवा म्हटले. मुद्दाम केले म्हणावे, तर मिरचीच्या व्यापाराची रीतच ती. बाईंनी गोणी उभी धरून झटकली आणि वैशाखाचा पश्चिमवारा तयारच होता. मग पहिली पडली ती कोथिंबिरीची आघाडी. मग बजरंगराव तराजूत शिंकले आणि वांगी चौफेर उधळली. मग जिलेबीवाल्याची जिलेबी सरळ पडू लागली, मग शेरडे शिंकली, त्यांचे गिऱ्हाईक शिंकले, आणि सरतेशेवटी कर्णा शिंकला. तो आवाज ऐसा फुटला की हमरस्त्यावर ट्रकवाल्याने टायर फुटला समजून गाडी उभी केली.

मग साऱ्या बाजाराने डोळे पुशीत मसलत केली. कांद्यावाली कडूबाई, जी कांद्यास कधी रडली नव्हती, ती पदर नाकास लावून म्हणाली, "भागूबाईला तिच्या जागंवर बसवा, न्हाईतर आमी चाललो घरी."

ठराव एकमते जाहला. धोंडा काढण्याचा मान बाईंस दिधला आणि पन्नासेक रडत्या वीरांनी टेम्पो ढकलीत मावळतीस नेला. सूर्यभान आत बसून कर्ण्यावर शिंकतच होता, तीच त्या स्वारीची वाजंत्री.

ऐसे ठाणे फत्ते जाहले. दिवस कलता गोणी रिती जाहली. तहाचे समयी सूर्यभानाने झाकणाचे गुलाबी कव्हर नजर केले. बाईंपाशी मोबाईल नाही. त्यात पानतंबाखू ठेवितात, आणि गिऱ्हाइकापुढे दर वेळी ऐटीत उघडितात. येणेप्रमाणे विजय नमूद केला असे.